फिकट डाग

त्या दिवशी सकाळी ओळीने चौदा स्कोप, म्हणजे दुर्बिणीतून जठराच्या तपासण्या, होत्या. अकरावा नंबर एका शाळेतल्या बाईंचा. वय 38, तक्रार नेहमीचीच: जेवल्यावर पोट जड, अधूनमधून जळजळ. जठर अगदी नितळ. हेलिकोबॅक्टर या जंतूचा संसर्ग कधीच न झालेल्या जठरात बारीक शिरांचे ठिपके एकसारखे मांडलेले दिसतात, तेही होते. मनात म्हटलं, इथे काय सापडणार! तीन मिनिटांत स्कोप बाहेर. ‘‘ॲसिडिटीच आहे बाई,’’ म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

चौदा महिन्यांनी त्या तीच तक्रार घेऊन परत आल्या. या वेळी निवांत बघितलं. जठराच्या खालच्या भागात, मोठ्या वळणाकडे, अडीच सेंटीमीटरचा फिकट, किंचित खोलगट डाग. बायोप्सीत कॅन्सरच्या सिग्नेट रिंग पेशी निघाल्या. पेशीत श्लेष्म साठून केंद्रक कडेला ढकललं जातं आणि ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते, म्हणून हे नाव.

जुने फोटो उघडले. चौथ्या फोटोच्या कोपऱ्यात, फेसाखाली अर्धा झाकलेला, नखाएवढा पांढुरका डाग होता.

‘‘डॉक्टर, तेव्हा नव्हता का हो?’’

‘‘फोटोत आहे, बाई. माझ्या लक्षात आला नाही.’’

या जातीचा कॅन्सर वरच्या अस्तरापुरता, व्रण नसलेला आणि दोन सेंटीमीटरच्या आत असेल, तर बहुधा स्कोपनेच सोलून काढता येतो. आता ती मर्यादा ओलांडली होती. बाईंचं अर्ध्याहून जास्त जठर काढावं लागलं. त्या बऱ्या आहेत; पण घासभर जेवून उठतात.

माझी चूक नुसत्या घाईची नव्हती. आमची नजर लाल रंगावर तयार झालेली असते. हेलिकोबॅक्टरने झिजवलेल्या जठरातला कॅन्सर बरेचदा लालसर असतो, म्हणून आपण लाल शोधतो. संसर्ग नसलेल्या जठरात कॅन्सर कमी, पण त्याची रूपं वेगळी. खालच्या भागात सपाट, फिकट डाग दिसला तर सिग्नेट रिंगची शंका घ्यावी. वरच्या भागात अस्तराखालून वर आल्यासारखा पांढुरका उंचवटा आणि त्यावर फाटे फुटलेल्या शिरा असतील, तर फंडिक ग्रंथींच्या जातीची. तिथेच रासबेरीसारखा लालभडक बारका कोंब असेल, तर तो साधा पॉलिप समजून सोडू नये. म्हणजे आधी संसर्ग आहे का ते बघा, मग जागा, मग रंग.

त्यानंतर आकार. 2002 साली पॅरिसला ठरलेलं वर्गीकरण याचसाठी आहे: उठून दिसणारा 0-I, किंचित उंच 0-IIa, सपाट 0-IIb, किंचित खोल 0-IIc, खड्डा पडलेला 0-III. डोळ्यांना दिसलं ते आधी लिहा, रोगाचं नाव मागाहून. ‘माइल्ड गॅस्ट्रायटिस’ लिहिलं की पुढचा विचारच थांबतो. मीही तेच लिहिलं होतं.

फेस धुतल्याशिवाय बघू नका. स्कोपआधी फेस मोडणारं सायमेथिकोन द्या. स्कोपचा निळा-हिरवा प्रकाश (एनबीआय) लावून डागाची कड तपासा. पण सिग्नेट रिंगच्या कडेवर विसंबू नका. या पेशी वरचं अस्तर शाबूत ठेवून खालून पसरतात. म्हणून डागाची बायोप्सी घ्याच, शिवाय भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तराचीही वेगळ्या बाटलीत घ्या.

पेशंटनीही एवढं करावं: रिपोर्टबरोबर फोटो मागून जपून ठेवावेत. स्कोपआधी दुकानातून आणलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगावं. त्या गोळ्यांनी कॅन्सरचा व्रणही वरून भरल्यासारखा दिसू शकतो.

आता माझ्या स्कोपच्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे. सिस्टर ‘‘सात मिनिटं झाली, सर’’ म्हणेपर्यंत स्कोप बाहेर येत नाही. बाहेर बाकावरची मंडळी कुरकुरतात. कुरकुरू देत.