घरी टायर बदलताना : जुन्या टायरची व्यवस्था

हैदराबादेतील नल्लकुंटा भागात संसर्गजन्य रोगांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. त्यास सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले असले, तरी लोक त्याला फीव्हर हॉस्पिटल म्हणूनच ओळखतात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे हे शहर मराठी वाचकांस परके नाही. पावसाळ्यात तेथे तापाच्या रुग्णांची गर्दी होते. या गर्दीचा मोटारसायकलच्या टायरशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. संबंध आहे, मात्र तो टायर बदलण्याचे काम संपल्यावर सुरू होतो.

शेतात व कच्च्या वाटांवर चालणाऱ्या मोटारसायकलींना ठसठशीत गोटे असलेले टायर लावतात. चिखलात ते उत्तम पकड घेतात, पण डांबरी रस्त्यावर लवकर झिजतात. तारांच्या आऱ्यांचे चाक आणि आत ट्यूब असेल, तर दोन-तीन लोखंडी पट्ट्या, पाने, साबणाचे पाणी व हवेचा पंप एवढ्या साहित्यावर हे काम घरच्या अंगणात होते.

गाडी भक्कम ठोकळ्यावर उभी करून चाक काढावे. डिस्क ब्रेक असल्यास चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये. व्हॉल्व्हमधील पिन काढून सर्व हवा जाऊ द्यावी. रिमवर टायर धरून ठेवणारे रिमलॉक असेल, तर त्याचा नट सैल करावा. यानंतर टायरची कड रिमपासून सुटी करावयाची. येथेच बहुतेकांचा घाम निघतो. टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. म्हणून नुसत्या ताकदीचा उपयोग नाही. रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो. पट्टीच्या समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात बसवली, की पट्टीच्या बाजूस आपोआप ढिलाई मिळते. पट्टीने एका वेळी दोन-तीन बोटांएवढीच कड उचलावी.

नवा टायर बसविण्यापूर्वी आऱ्यांची टोके झाकणारी रबरी पट्टी तपासावी आणि टायरवरील बाणाची दिशा पाहावी. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरावी. रिकामी ट्यूब पट्टीखाली चिमटते. नवी ट्यूब पहिल्याच दिवशी पंक्चर झाली, तर दोष बहुधा रस्त्यावरील खिळ्याचा नसून या पट्टीचाच असतो. कडेस साबणाचे पाणी लावावे व शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ आत घ्यावा. हवा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे भरून टायरवरील रेघ रिमपासून सगळीकडे समान अंतरावर आहे की नाही, हे पाहावे. रिमलॉक व आक्सलचा नट घट्ट केल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहावा, मगच गाडी रस्त्यावर न्यावी.

गाडी गेली, पण जुना टायर भिंतीशी टेकून राहिला. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळा व ‘कुंटा’ म्हणजे तळे. पावसात पडलेला टायर हेही एक लहानसे काळे तळेच होय. तो उभा ठेवला काय किंवा आडवा, आतल्या पोकळीत पाणी साचतेच. सावली, ऊब आणि कुजका पाला यांमुळे डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासास ही जागा फार मानवते. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ज्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, तो ॲनाफिलिस निराळा. एडिस दिवसा चावतो. त्यामुळे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने त्याच्यापासून पुरेसे रक्षण होत नाही.

टायरमधील पाणी ओतून दिले म्हणजे झाले, ही समजूत अपुरी आहे. एडिसची मादी पाण्याच्या रेषेवर, ओलसर भिंतीस अंडी चिकटवते. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन परिसरात आशियातील एडिस डासाची एक जात स्थिरावलेली आढळली. ती आयात केलेल्या जुन्या टायरांमधून समुद्रापार गेली, असे शास्त्रज्ञ मानतात.

म्हणून जुना टायर पत्र्याच्या किंवा छपराच्या आत, कोरड्या जागी ठेवावा. उघड्यावर पडून राहिलेला असल्यास आतून घासून काढावा. आठवड्यातील एक दिवस ‘कोरडा दिवस’ म्हणून पाळताना माठ-रांजणांबरोबर टायरही तपासावेत. शाळेतील मुले हे काम हौसेने करतात. टायर जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. २०२२ च्या नियमांनुसार निकामी टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. तेव्हा टायर विक्रेत्याकडे किंवा भंगारवाल्याकडे देणे हाच सोयीचा मार्ग. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून खेड्यांत छपरावर टायर ठेवतात. त्याऐवजी वाळूची पोती ठेवावीत. टायरच ठेवावयाचे असतील, तर त्यांचे आडवे तुकडे करून ते पाणी धरणार नाहीत असे पालथे घालावेत.