घरगुती ऊर्जेची बचत : मुरुडच्या वाड्यांतील इंधन आणि छप्पर

घरातील ऊर्जेची बचत म्हटली की प्रथम दिव्याकडे बोट दाखविले जाते. ६० वॅटचा जुना पिवळा दिवा रोज पाच तास जळाल्यास महिन्यास ९ युनिट वीज खर्च होते. ९ वॅटच्या एलईडी दिव्यास तेवढ्याच वेळात दीड युनिटही लागत नाही. हा बदल हवाच, आणि बहुतेक घरांत तो झालाही आहे. परंतु मोठा खर्च उष्णतेचा असतो. पाच माणसांच्या कुटुंबात स्नानासाठी प्रत्येकी १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवावयाचे, तर विजेवर रोज पावणेदोन युनिट, म्हणजे महिन्यास सुमारे ५२ युनिट लागतात. दिवा विझवून गिझर चालू ठेवणे ही बचत नव्हे.

रायगड जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावी या उष्णतेचे साधन दाराशीच असते. नारळी-पोफळीच्या वाडीत सोडणे, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या आणि पोफळीच्या विऱ्या वर्षभर जमतात. तांब्याचा बंब याच इंधनावर पेटत आला आहे. मात्र इंधन कोरडे असले पाहिजे. ओल्या सोडणांतील एक किलो पाण्याची वाफ होण्यासच सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती पाणी तापविण्याच्या कामी येत नाही आणि धूर मात्र वाढतो. म्हणून मे महिन्यातच सोडणे वाळवून पडवीच्या माळ्यावर चढवावीत. बंब उघड्यावर किंवा हवेशीर न्हाणीघरात असावा, कारण धुराचा त्रास स्त्रिया व मुले यांनाच अधिक होतो. पावसाळ्याबाहेरचे आठ महिने कडक ऊन असल्याने छपरावरील सौर बंबही येथे उपयोगी पडतो.

स्वयंपाकघरात तीन दगडांची उघडी चूल इंधनातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास देते. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो पुढे बंद पडला, तरी धुराडे असलेली बंदिस्त चूल आजही योग्यच आहे. गॅस असो वा लाकूड, पाण्याला उकळी आल्यावर आच वाढविल्याने अन्न लवकर शिजत नाही, केवळ वाफ वाढते. झाकण ठेवावे, आच मंद करावी. उकडा तांदूळ व डाळी आधी भिजवाव्यात. दहा मिनिटे उकळलेला भात झाकून पेंढ्याने भरलेल्या पेटीत घट्ट बसविला, तर उरलेले शिजणे इंधनाविना होते. ही जुनी युक्ती विनाकारण मागे पडली आहे.

छपराचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. असंख्य घरांची कौले उडाली आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. जेथे कौलांऐवजी पत्रे आले, तेथे दुपारी घर तापते आणि पंखा दिवसभर फिरतो. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालल्यास महिन्यास २७ युनिट होतात. नव्या पद्धतीच्या ३० वॅटच्या पंख्यास ११ युनिट पुरतात. पण पंखा बदलण्यापूर्वी पत्र्यावर पांढरा रंग अथवा झावळ्यांचे झाप घालावेत. वादळी वाऱ्यापुढे झाप टिकत नाहीत, म्हणून ते पावसाळ्यापूर्वी उतरवावेत. कौलारू घरात एखादे काचेचे कौल बसविल्यास माजघरातील दिवसाचा दिवा वाचतो.

शिक्षकांना यातून एक चांगला पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरच्या मीटरचे आकडे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ टिपावेत. पुढील आठवड्यात स्नानाचे पाणी विजेऐवजी बंबावर तापवून पुन्हा टिपावेत. दोन्ही आठवड्यांतील फरक वर्गात फळ्यावर मांडावा, आणि तेच आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.