नियम सांगण्याआधी पुरावा दाखवा

प्रश्न : मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. ‘डिस्कस अबाउट’ चूक आहे असं कितीदाही सांगितलं, तरी मुलं पेपरात तेच लिहितात. का चूक, असं कुणी विचारलं तर ‘तसा नियम आहे’ यापलीकडे मला सांगता येत नाही. हल्ली कॉर्पस वापरून भाषा शिकवतात म्हणे. आमच्या वर्गात त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : नक्की होईल. पुस्तकं, वर्तमानपत्रं, पत्रं, संभाषणं यांतून निवडून गोळा केलेला आणि संगणकावर हवा तो शब्द शोधता येईल असा मजकुराचा संग्रह म्हणजे कॉर्पस. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात तयार झालेला कॉर्पस सुमारे १० लाख शब्दांचा होता. १९९०च्या दशकातला ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटींचा. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच संग्रहावरून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ‘कोबिल्ड’ हा शब्दकोश रचला. तो १९८७ साली निघाला. त्याच विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या टिम जॉन्स यांनी कोशकारांचं हे साधन थेट विद्यार्थ्यांच्या हाती दिलं. तुमच्या कामाची गोष्ट ती हीच.

कॉर्पसमध्ये ‘डिस्कस’ शोधलात की तो शब्द असलेल्या ओळी एकाखाली एक येतात आणि प्रत्येक ओळीत ‘डिस्कस’ बरोबर मधोमध असतो. त्यामुळे उजवीकडचे शब्द पटकन नजरेत भरतात : ‘डिस्कस द प्रॉब्लेम’, ‘डिस्कस धिस’, ‘डिस्कस हाऊ’, ‘डिस्कस व्हेदर’. ‘अबाउट’ जवळजवळ सापडतच नाही. आता ‘डिस्कशन’ शोधा. त्याच्यापुढे ‘ऑफ’, ‘अबाउट’, ‘ऑन’ सगळे हजर. ‘टॉक’पुढे तर ‘अबाउट’ ठायी ठायी. मुलांची गफलत कुठे होते ते इथे कळतं. ‘टॉक अबाउट’ त्यांच्या कानावर असतं, मराठीतही आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो; मग तीच सवय ‘डिस्कस’ला चिकटते.

वर्गात संगणक नसला तरी अडत नाही. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस इंटरनेटवर नावनोंदणी करून मोफत पाहता येतो. घरी पंधरा-वीस ओळी निवडा, बोजड वाक्यं गाळा आणि छापून वाटा. मुलांना जोडीजोडीने बसवून एवढंच विचारा : ‘मधल्या शब्दाच्या उजवीकडे काय दिसतं?’ उत्तर सांगायची घाई करू नका. नियम मुलांनीच आपल्या शब्दांत वहीत लिहावा. स्वतः हुडकून काढलेली गोष्ट सहसा विसरत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. कॉर्पसमध्ये कोणाची आणि कधीची भाषा आहे, हे आधी पाहा. भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा कॉर्पस आपल्या कोल्हापूरचा. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने तो झाला. ब्राउनच्याच धर्तीवर, १९७८ साली भारतात छापलेल्या मजकुरातून घेतलेले सुमारे १० लाख शब्द त्यात आहेत. ब्रिटिश आणि भारतीय, दोन्हीकडचे दाखले शेजारी ठेवले, तर आपली इंग्रजी कुठे वेगळ्या वाटेने जाते ते दिसतं. ‘परीक्षेत ‘अबाउट’ गाळा’ हे तुम्ही तरीही सांगालच, पण तेव्हा तुमच्यामागे पुरावा असेल आणि तो मुलांनीही पाहिलेला असेल.