आठवणीतून सायकल काढा बघू!

पुढचा परिच्छेद वाचण्याआधी एक काम करा. हाताशी असेल तो कागद घ्या, पाकिटाची मागची बाजूही चालेल. फोनमध्ये न शोधता एक सायकल काढा. दोन चाकं, हँडल, सीट, पेडल, चेन आणि हे सगळं जोडणारी फ्रेम. दोन मिनिटं पुरेत. घरात मुलं असतील तर त्यांनाही बसवा.

झालं? आता तीन गोष्टी तपासा. मागच्या चाकापासून निघालेली नळी थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडली आहे का? तसं असेल तर तुमची सायकल वळणारच नाही, कारण पुढचं चाक फ्रेमला जखडलं गेलं. चेन दोन्ही चाकांभोवती फिरते आहे का? मग हँडल वळवताच चेन पिळली जाईल आणि निसटेल. पेडल नुसतीच हवेत लटकली आहेत की चेनच्या पुढच्या दातेरी चक्राला जोडली आहेत?

चुकलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रेबेका लॉसन यांनी २००६ साली नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. अर्धवट काढलेल्या सायकलवर फ्रेम, पेडल आणि चेन भरायला सांगितली, तेव्हा अनेकांनी वर दिलेल्याच चुका केल्या. सायकल न चालवणाऱ्यांच्या चुका जास्त होत्या, पण चालवणारेही सगळे सुटले नाहीत. इटलीचे डिझायनर जानलुका जिमिनी २००९ पासून लोकांकडून अशीच आठवणीतली सायकल काढून घेत होते. पुढे त्यांनी त्यातल्या काही चित्रांवरून अगदी खऱ्या वाटतील अशा सायकलींच्या प्रतिमा तयार केल्या. दिसायला देखण्या, चालायला अशक्य!

एखादी वस्तू ओळखता येणं आणि ती कशी चालते हे समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखण्यासाठी मेंदूला ढोबळ आकार पुरतो. कागदावर मात्र प्रत्येक रेषेला कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचावं लागतं. ‘मला माहीत आहे’ या समजुतीतली भोकं तिथे लगेच दिसतात.

हे चित्रकलेचं काम नाही

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. स्मरणचित्राच्या पेपरात मी बसथांबा काढला होता आणि माणसांचे हात कुठे लपवायचे याच विवंचनेत वेळ गेला. ‘सी’ ग्रेड मिळाली. त्यानंतर कित्येक वर्षं मी ‘मला चित्र येत नाही’ असंच सांगत होते.

आज मी मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळेत काम करते आणि जवळजवळ रोज चित्र काढते. नमुना धरायचा चिमटा करून हवा असेल तर मशीनिस्टसमोर कागद ठेवावाच लागतो. तो पहिला प्रश्न विचारतो, ‘हा स्क्रू आत कसा जाणार?’ आणि कळतं की स्क्रू आत जायला जागाच ठेवलेली नाही. धातू कापण्याआधी कागदावर चूक सापडली, म्हणून चित्र कामाचं. ते सुंदर असण्याची गरज नाही.

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या मराठी शाळेत १० ते १३ वर्षांच्या मुलांसाठी अशा रेखाटनांची चार आव्हानं घेतली. तुम्हाला घरी किंवा तुमच्या शाळेत घेता यावीत म्हणून ती इथे देते.

पहिलं आव्हान: सायकल

हे तुम्ही आत्ताच केलंत.

दुसरं आव्हान: तीस वर्तुळं

एका कागदावर सारख्या आकाराची ३० रिकामी वर्तुळं काढा. तीन मिनिटांत जास्तीत जास्त वर्तुळांपासून ओळखू येईल अशी वस्तू बनवायची. हा सराव स्टॅनफर्डच्या रॉबर्ट मॅकिम यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचं दृश्य विचारपद्धतीवरचं पुस्तक १९७२ चं आहे.

मोजताना दोन आकडे मोजा: किती वर्तुळं भरली, आणि किती वेगवेगळ्या प्रकारच्या कल्पना आल्या. क्रिकेटचा चेंडू, फुटबॉल आणि बास्केटबॉल ही तीन वर्तुळं झाली, पण कल्पना एकच. आमच्या वर्गात एका मुलाने दोन वर्तुळं जोडून चष्मा केला, तेव्हा बाकीचे ओरडले, ‘असं चालतं?’ चालतं. नियमात मनाई नव्हती, ती मुलांनी स्वतःवर घालून घेतली होती.

तिसरं आव्हान: स्टीलचा पेला

इथे थोडी भूमिती आहे. पेल्याचं तोंड गोल असतं, पण तिरकस पाहिलं की ते लंबवर्तुळ दिसतं. बहुतेक मुलं तोंड लंबवर्तुळाकार काढतात आणि बूड मात्र सरळ रेघेने बंद करतात. का? कारण पेला सपाट टेबलावर उभा आहे हे त्यांना ठाऊक असतं. डोळ्यांना दिसतं त्याऐवजी डोक्यात असतं ते कागदावर उतरतं.

पेला डोळ्यांच्या पातळीला धरा: काठ एक रेघ होतो. हळूहळू खाली न्या: लंबवर्तुळ फुगत जातं. म्हणजे टेबलावरच्या पेल्याचं बूड डोळ्यांपासून जास्त खाली असल्यामुळे ते काठापेक्षा जास्त गोलसर दिसायला हवं. दुसरा नियम: लंबवर्तुळाचा लहान अक्ष नेहमी पेल्याच्या मधल्या आसाच्या दिशेनेच ठेवायचा, पेला आडवा पडला असला तरी. एवढ्या दोन नियमांवर डबा, बाटली, चाक आणि प्रेशर कुकर बऱ्यापैकी जमतात.

चौथं आव्हान: एका माणसासाठी एक वस्तू

हे महत्त्वाचं. घरातलं एक माणूस निवडायचं. त्याला किंवा तिला रोज त्रास देणारी एक वस्तू शोधायची. आधी काहीही सुचवायचं नाही. त्या वस्तूशी होणारी झटापट सहा चौकटींत काढायची, आणि मगच उपाय.

उपायाची घाई का नको? १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा कप रेखाटायला सांगितलं. स्ट्रॉ वापरायची नाही अशी सूचना होती. काहींना मात्र नमुना म्हणून स्ट्रॉ असलेलाच कप दाखवला. सूचना असूनही नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत स्ट्रॉ जास्त वेळा आली. पहिलं पाहिलेलं उत्तर मनात रुतून बसतं, मग ते चुकीचं असलं तरी. म्हणून मी मुलांना नमुना दाखवत नाही आणि प्रत्येकाकडून किमान सहा उपाय मागते.

अकरा वर्षांच्या एका मुलीने तिच्या आजीची गोळ्यांची बाटली निवडली. आजी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, बोटांना संधिवात. भारतात गोळ्या बहुधा स्ट्रिपमध्ये मिळतात, इथे मात्र दाबून फिरवायच्या झाकणाच्या बाटलीत.

तिची चित्रं साधीच होती. पहिल्या चौकटीत आजी झाकण दाबते आहे, दुसरीत ओढणीने धरून फिरवते आहे, तिसरीत बाबांना हाक मारते आहे. चौथीपासून पुढे प्रत्येक चौकटीत झाकण बाटलीच्या शेजारी पडलेलं होतं. मी विचारलं, ‘हे झाकण इथे का?’ ती म्हणाली, ‘आजी ते लावतच नाही. परत उघडायला कुणाला तरी बोलवावं लागतं ना!’

तिला दोन वर्षांचा भाऊ आहे. घ्यायला आलेल्या तिच्या आईने तो कागद पाहिला आणि क्षणभर काही बोललीच नाही. त्या संध्याकाळी बाटली वरच्या कपाटात गेली.

हे झाकण अशाच लहानग्यांसाठी आलं. अमेरिकेत त्यासाठीचा कायदा १९७० चा. चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बाटली देतात. पहिल्या पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. मोठ्यांची चाचणीही असते, ५० ते ७० वयोगटाची, आणि त्यांतल्या किमान ९० टक्क्यांना ती उघडता आणि नीट लावता यावी लागते. पण सत्तरी ओलांडलेली, बोटं आखडलेली आजी त्या चाचणीत नसते.

मग वर्गात आम्ही झाकणाचा छेद काढला. आत दोन झाकणं असतात. बाहेरचं नुसतं फिरवलं तर कटकट वाजत रिकामं फिरतं. खाली दाबलं की त्याचे दात आतल्या झाकणाच्या खाचांत बसतात आणि मग आटे सुटतात. म्हणजे दोन कामं एकाच वेळी करायची: दाबणं आणि फिरवणं. झाकणाची त्रिज्या साधारण २ सेंटिमीटर धरा. केंद्रापासून १० सेंटिमीटरवर धरता येईल असा दांडा लावला तर फिरवायला पाचपट कमी बल पुरतं. दाबण्याचं बल मात्र तेवढंच राहतं, तिथे दांड्याचा उपयोग नाही.

त्या मुलीचा पाचवा उपाय असा होता: झाकणावर बसणारं एक रुंद टोपण, कढईला असतात तसे दोन कान असलेलं. वरून तळव्यांनी दाबायचं, कान ढकलून फिरवायचं, बोटांचा संबंध नाही. टोपण बाटलीपासून वेगळं ठेवायचं, म्हणजे भावासाठी बाटली बंदच. पुठ्ठ्याचा पहिला नमुना घसरला. दुसरा फाटला. तिसऱ्यात आतून रबरबँड लावले आणि आजींनी स्वतः झाकण उघडलं आणि लावलंही.

तुमच्याकडे आई-वडील येणार असतील तर एक माहिती: अमेरिकेत फार्मसीत मागितलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या साध्या झाकणाच्या बाटलीतही मिळतात. घरात लहान मूल असेल तर मात्र तो पर्याय नको.

आणि मुलांचं चित्र पाहताना ‘छान काढलंस’ म्हणून सोडून देऊ नका. त्यातल्या एका रेषेवर बोट ठेवून विचारा, ‘हे इथे का आहे?’ मराठी अडखळत बोलणारी मुलंही चित्रावर बोट ठेवून भरभर सांगतात, आणि आटे, खाच, टोपण असे शब्द वाटेत सहज शिकतात.

सुरुवातीला काढलेली तुमची सायकल टाकून देऊ नका. खरी सायकल समोर उभी करा आणि त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने दुरुस्त करा. मुलांना शेजारी बसवा. आपल्या आईबाबांनाही सायकल येत नाही हे पाहून त्यांची भीड निम्मी तरी कमी होते.