पायराइटचा नाद

"थैली खाली करो," वनखात्याचा नाकेदार म्हणाला, आणि दिवसभर वेचलेले दगड मी रस्त्याच्या कडेला ओतले. गारगोट्या, अकीकाचे दोन तुकडे आणि रुमालात गुंडाळलेला एक पिवळा, चकाकता खडा. नेपानगरकडच्या जंगलातल्या नाल्यात तो सापडला तेव्हा पायराइट मिळालं म्हणून मी हरखून गेलो होतो. "सरकारी जमीन आहे, दगडाला कोण विचारतं?" हेही मी त्यालाच ऐकवलं. राखीव जंगलातला दगडसुद्धा वनोपजच, १९२७ च्या वन कायद्यात तसं लिहिलंय, न विचारता उचलणं हा गुन्हा, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग मोटारसायकलची किल्ली खड्यावर घासली. पांढरा भुगा पडला.

खडा कॅल्साइटचा होता. पायराइटवर किल्लीचा ओरखडा उठत नाही, आणि बिनचकाकीच्या फरशीवर ते घासलं तर हिरवट काळी रेघ उमटते. ही परीक्षा मला पुस्तकात वाचून ठाऊक होती, पण लोभ झाला की वाचलेलं आठवत नाही! पांढरे केस पाहून त्याने मला सोडलं. दगड तिथेच राहिले.

घरी आल्यावर डोकं थंड झालं. आपलं बुऱ्हाणपूर काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर बसलेलं. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, झिओलाइट, कॅल्साइट मिळतं. लोखंड आणि गंधकाचं पायराइट इथे क्वचितच. त्याचा मोठा साठा बिहारात, रोहतास जिल्ह्यातल्या अमझोरला. गंधकाम्लासाठी तिथे खाण चालायची. तेव्हा इथल्या छंदिष्टाने पायराइटचा हट्ट सोडून झिओलाइटच्या मागे लागावं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा पाहिलंत की हे पटेल.

वेचायला जायचं तर आधी जमीन कोणाची ते विचारा. शेत असेल तर मालकाला, दगडाची खाण असेल तर पट्टेदाराला, आणि होकार लेखी घ्या. खाणीत सुरुंग लावण्याच्या दिवशी जाऊ नका, कड्याखाली उभे राहू नका. तापीच्या पात्राबद्दल जिल्ह्याच्या खनिज कार्यालयात विचारून घ्या. असीरगडावर तर हातोडी पिशवीतही नको. तो पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे.

एवढं होऊनही माझा हट्ट गेला नव्हता. शेवटी पायराइटचा एक सुरेख घन विकत आणला, नळाखाली धुतला आणि ओलसरच कपाटात ठेवला. शेजारी, एका शेतकऱ्याने खुशीने दिलेलं मधाच्या रंगाचं कॅल्साइट. पावसाळा संपता संपता कपाट उघडलं तर काडेपेटीसारखा वास. घनाच्या कडांवर पिवळट पांढरी भुकटी, खालची चिठ्ठी करपल्यासारखी. ओल लागली की पायराइटमधलं गंधक हवेशी मिळून आम्ल तयार होतं, आणि ते लाकूड, कागद, शेजारचे दगड, सगळं खातं. पायराइटला पाणी लावू नका. लावलंच तर पूर्ण सुकवा, सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, तीही इतर दगडांपासून लांब.

मी भुकटी कोरड्या ब्रशने झाडली. घन थोडा झिजला, पण टिकला. शेजारचं कॅल्साइट मात्र गेलं.