बेताची बुडी

(पाण्याखाली श्वास घेत पोहण्याची विद्या आता मुलांनाही शिकता येते. पण प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सर्व काही आले, असे नाही. नुकतेच शिकलेल्या मुलाने सुट्टीत समुद्राखाली जाण्याचा बेत कसा आखावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही विहिरीत किंवा नदीत कधी बुडी मारली आहे का? श्वास रोखून पाण्याखाली किती वेळ राहता येते? अर्धे मिनिट, फार तर एक मिनिट. मग जीव गुदमरू लागतो आणि वर यावेच लागते.

माणसाची ही अडचण 1943 साली बरीच दूर झाली. फ्रान्समधील नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी एक यंत्र तयार केले. पाठीवरच्या टाकीतील हवा हे यंत्र पोहणाऱ्याला हवी तेव्हा आणि हवी तेवढी पुरवत असे. अशा साधनांच्या मदतीने पाण्याखाली जाण्याला स्कूबा म्हणतात. पुष्कळांना वाटते, की या टाकीत ऑक्सिजन असतो. तसे नाही. आपण वर्गात बसून जी हवा घेतो, तीच हवा गाळून, कोरडी करून आणि दाबून या टाकीत भरलेली असते.

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर अनेक पर्यटक पाण्याखाली जाऊन येतात. तेथे प्रशिक्षक त्यांना सतत धरून असतो. पर्यटकाने फक्त श्वास घ्यायचा आणि पाहायचे. प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी अभ्यास करावा लागतो, पोहता यावे लागते आणि आधी तलावात व नंतर समुद्रात सराव करावा लागतो. पॅडी या संस्थेच्या नियमानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला हे शिक्षण घेता येते. दहा व अकरा वर्षांच्या मुलांनी 12 मीटरपेक्षा खोल जायचे नसते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा 18 मीटर आहे. शिवाय या मुलांसोबत प्रमाणपत्र असलेला मोठा माणूस असावाच लागतो.

आता समजा, तुम्ही बारा वर्षांचे आहात. तुम्हाला नुकतेच प्रमाणपत्र मिळाले आहे. तुमचे वडीलही ही विद्या शिकलेले आहेत आणि सुट्टीत अंदमानला जाण्याचे ठरले आहे. तुम्ही बेत कसा आखाल?

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. प्रमाणपत्र मिळवताना समुद्रात साधारण चारच बुड्या झालेल्या असतात. चार दिवस सायकल शिकलेला मुलगा लगेच मुंबईच्या रहदारीत जात नाही. तो आधी मोकळ्या मैदानात फेऱ्या मारतो. तुमच्या पहिल्या सुट्टीतील बुड्याही मैदानातल्या फेऱ्यांसारख्या सोप्या असाव्यात.

प्रथम ऋतू पाहा. अंदमानात मोसमी पाऊस साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो. त्यानंतर समुद्र खवळतो आणि पाणी गढूळ होते. म्हणून मेच्या अखेरीपेक्षा हिवाळ्यातील किंवा एप्रिलमधील दिवस बरे. मालवणलाही जून ते ऑगस्ट या काळात समुद्रात जाता येत नाही.

मग जागा निवडा. अंदमानातील हॅवलॉक बेटाला 2018 पासून स्वराज द्वीप असे नाव आहे. तेथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल अशा उथळ जागा आहेत. नवशिक्या मुलासाठी अशीच जागा चांगली. तळाशी वाळू असावी, पाणी स्वच्छ असावे आणि प्रवाह नसावा. सरळ खोल जाणारे प्रवाळांचे कडे आणि बुडालेली जहाजे आज नकोत. नियम 18 मीटरपर्यंत जाऊ देतो, म्हणून 18 मीटर गेलेच पाहिजे असे नाही. सहा ते दहा मीटरवरही विदूषक मासे, पोपटमासे आणि रंगीत प्रवाळ दिसतात. किंबहुना उथळ पाण्यात सूर्यप्रकाश जास्त पोहोचतो, म्हणून तेथे रंग अधिक खुलून दिसतात.

उथळ पाण्याचा आणखी एक फायदा आहे. तो हिशेबाने समजून घेऊ. समुद्रात दर 10 मीटर खोलीला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट आणि 20 मीटरवर तिप्पट होतो. तेवढ्याच पटीने प्रत्येक श्वासाला टाकीतील हवा जास्त लागते. समजा, टाकीत 2200 लीटर हवा आहे. त्यातील चौथा भाग, म्हणजे 550 लीटर हवा, अडचणीसाठी राखून ठेवायची. उरली 1650 लीटर. नवशिक्याला जमिनीवर मिनिटाला 20 लीटर हवा लागते असे धरू. मग 10 मीटरवर 40 लीटर लागेल आणि हवा सुमारे 41 मिनिटे पुरेल. 20 मीटरवर 60 लीटर लागेल आणि तीच हवा केवळ 27 मिनिटे पुरेल.

पण मुलांच्या बाबतीत हवा संपण्याआधीच थंडी वाजू लागते. अंदमानचे पाणी उबदार असले, तरी पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. लहान शरीर लवकर गार होते. म्हणून अंगभर रबरी पोशाख घालावा आणि अर्ध्या तासात वर यावे. दिवसातून एक किंवा दोन बुड्या पुरेत. उरलेला वेळ खाणे, झोप आणि वाळूत खेळणे यांसाठी ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये. याचे कारण शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी 1662 साली मांडलेल्या नियमात आहे. दाब निम्मा झाला, की हवेचे आकारमान दुप्पट होते. 10 मीटर खोलीवर फुगा भरून तोंड बांधला आणि वर आणला, तर तो वर येईपर्यंत दुप्पट फुगेल. श्वास रोखून वर येणाऱ्या माणसाची फुप्फुसे त्या फुग्यासारखीच असतात. ती फाटू शकतात. ही इजा अगदी उथळ पाण्यातही होते आणि त्यात प्राण जाऊ शकतो. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा आणि वर येताना घाई करायची नाही. मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेग जास्त नसावा. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे आणि मग वर यावे.

कानांचीही काळजी घ्यावी लागते. खाली उतरताना कानांवर दाब येतो. तो जाणवण्याआधीच नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारावी. कान दुखलाच तर तेथेच थांबावे, थोडे वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावू नये. सर्दी झाली असेल, तर त्या दिवशी बुडी नाही. दम्याचा किंवा फिटचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

पाण्याखाली बोलता येत नाही. तेथे हाताच्या इशाऱ्यांनी बोलतात. अंगठा व तर्जनी जोडून गोल केला, की 'सर्व ठीक आहे'. पंजा आडवा धरून हलवला, की 'काहीतरी बिघडले आहे'. अंगठा वर केला, तर आपण जमिनीवर 'छान' असे समजतो. पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ 'वर चला' असा आहे. हे इशारे घरीच वडिलांबरोबर पाठ करावेत. पाण्यात वडील आणि मुलगा यांनी एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राहावे. वडिलांचाही अनुभव कमी असेल, तर सोबत स्थानिक प्रशिक्षक हवाच. मुलाने आपल्या हवेचा काटा वारंवार पाहावा आणि वडिलांना दाखवावा. काटा 200 वरून 100 वर आला, की परत फिरावे.

एवढी तयारी झाली. सकाळ उगवली. सामान भाड्याने आणले, पैसेही भरले. वडील उत्साहात आहेत. आणि अचानक तुमच्या पोटात गोळा आला. काय कराल? पुष्कळ मुले अशा वेळी गप्प बसतात. अब्बांना वाईट वाटेल, पैसे वाया जातील, लोक भित्रा म्हणतील, असे त्यांना वाटते. ती तशीच पाण्यात उतरतात. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि वर पळू पाहतो. घाईने वर जाताना काय होते, ते तुम्ही आताच वाचले.

म्हणून या विद्येत एक सुंदर नियम आहे. कोणालाही, केव्हाही, कोणत्याही कारणाने 'आज नको' असे म्हणता येते. त्याला कोणी रागवायचे नाही. कारणही विचारायचे नाही. "अब्बा, आज मला उतरायचे नाही," हे वाक्य म्हणायला कधी कधी समुद्रात उडी मारण्यापेक्षा जास्त धैर्य लागते. वडिलांनी हा नियम निघण्यापूर्वीच मुलाला सांगावा. आणि मुलगा तसे म्हणाला, तर हसून त्याच्याबरोबर किनाऱ्यावर नारळपाणी प्यावे. समुद्र उद्याही तेथेच असतो.

शेवटी परतीचा दिवस. बुडी मारल्यावर शरीरात नायट्रोजन वायू साठलेला असतो. तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसले, तर तेथील कमी दाबामुळे त्या वायूचे बुडबुडे होऊन इजा होऊ शकते. एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास करू नये. पूर्ण एक दिवस सोडला तर उत्तमच. म्हणून शेवटचा दिवस श्रीविजयपुरम शहर, म्हणजे 2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, पाहण्यासाठी ठेवावा. मालवणहून उंच घाट चढून परतणाऱ्यांनीही ही खबरदारी घ्यावी.

आणि हो, प्रवाळांना हात लावू नका. ते दगडासारखे दिसले, तरी जिवंत प्राण्यांनी बांधलेले असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. पाण्याखालून काही आणायचेच असेल, तर डोळ्यांत साठवून आणा.

शब्दार्थ

बेत – योजना
प्रवाळ – पोवळे तयार करणारे समुद्रातील जीव
तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट
आकारमान – वस्तूने व्यापलेली जागा
किंबहुना – एवढेच नव्हे तर
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे

स्वाध्याय

प्रश्न 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाठीवरच्या टाकीत काय भरलेले असते?
(आ) बारा वर्षांच्या मुलाने किती मीटरपेक्षा खोल जाऊ नये?
(इ) पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ काय?

प्रश्न 2. कारणे लिहा.
(अ) पाण्याखाली श्वास रोखू नये.
(आ) परतीच्या आदल्या दिवशी बुडी मारणे टाळावे.

प्रश्न 3. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
'आज नको' असे म्हणायला धैर्य का लागते?

प्रश्न 4. हिशेब करा.
टाकीत 2000 लीटर हवा आहे. चौथा भाग राखून ठेवला. 10 मीटरवर मिनिटाला 40 लीटर हवा लागते. हवा किती मिनिटे पुरेल?

प्रश्न 5. हवा, किनारा, इशारा, खबरदारी हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : पाठात आलेले हाताचे इशारे वर्गात करून दाखवा. मित्रांनी त्यांचा अर्थ मराठीत सांगावा.