शाळेच्या बागेतील आगंतुक : गाजरगवत

पहिले पाऊस पडून गेले की शाळेच्या बागेत, कुंपणाशी व वाटेच्या कडेने काही अनोळखी रोपे आपोआप उगवतात. त्यांची पाने गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानांप्रमाणे कातरलेली असल्याने मुले त्यांना हौसेने पाणी घालतात. ही रोपे पुष्कळदा गाजरगवताची असतात. यासच काँग्रेस गवत असेही म्हणतात.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. १९५५ च्या सुमारास ती पुण्यात आढळली व पुढे देशभर पसरली.

ओळख : कोवळेपणी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. मग उभ्या रेघांचे, लवयुक्त खोड वाढून शेंड्याकडे फांद्या फुटतात. फुले बारीक, पांढरी व पाच कोपऱ्यांची असतात. गाजराप्रमाणे मूळ मांसल नसते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुले येतात व एका जोमदार झाडास हजारो बिया धरतात. म्हणून आज दुर्लक्षिलेले एक रोप पुढील वर्षी सारे अंगण व्यापू शकते.

सावधगिरी : या गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते, परागामुळे शिंका व दम्याचा त्रास होतो. तेव्हा श्रमदानाच्या तासास मुलांकडून ते उघड्या हातांनी उपटवून घेऊ नये. ओळख पटविण्यासाठी पान चुरगाळून वासही घेऊ देऊ नये.

निर्मूलन : फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मोठ्या माणसांनी हातमोजे घालून व नाकातोंडास कापड बांधून झाडे मुळासकट उपटावीत. वरून कापल्यास पुन्हा फुटवे येतात. न फुललेली झाडे खताच्या खड्ड्यात चालतात. बी धरलेली मात्र घालू नयेत, अन्यथा खताबरोबर बी शेतात पोचते. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा पेरावा; तो दाट वाढून गाजरगवतास दडपतो. १९८४ साली बंगळूर येथे सोडलेले मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात याची पाने खातात. ते आढळल्यास मारू नयेत.

विद्यार्थ्यांचे काम : मुलांनी शाळेच्या आवाराचा नकाशा काढावा. झाडांस न शिवता, ती जेथे दिसतील तेथे खुणा कराव्यात व दर पंधरवड्यास संख्या नोंदवावी. संख्या कोठे घटली, कोठे वाढली व का, याची चर्चा वर्गात घ्यावी. अशा निरीक्षणाची सवय लागलेले मूल घरच्या बांधावरील पहिले रोपही ओळखील आणि वडीलधाऱ्यांस वेळीच दाखवील.